जाबदार

आदेशाची प्रत अजून माझ्याकडे आहे. तीन पानांचा, इंग्रजीत टंकलेला, शेवटच्या पानावर गोल शिक्का असलेला तो कागद २०१८ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाने मला वाचायला दिला, कारण त्यातल्या चौथ्या परिच्छेदात माझा उल्लेख होता. नाव नव्हते, ‘मुलाची आत्या’ एवढेच होते. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता मुलाची आई त्याला ठरलेल्या उद्यानाच्या फाटकाशी आणील, आत्या त्याला तिथून घेऊन जाईल, संध्याकाळी साडेपाच वाजता त्याच जागी परत आणून सोडील, आणि या दोन्ही वेळी कोणीही वादाचा विषय काढणार नाही, असे तो परिच्छेद सांगत होता. भाऊ आणि वहिनी समोरासमोर आले की दोन मिनिटांत आवाज चढत, आणि पाच वर्षांचा माझा भाचा दोघांच्या मधे उभा राहून बुटाच्या टोकाने जमीन उकरत राही. न्यायालयाच्या आवारातल्या बालकक्षात झालेल्या पहिल्या तीन भेटींत समुपदेशक बाईंनी हे पाहिले होते. म्हणून मूल सोपवताना मधे तिसरे माणूस आले, आणि ते तिसरे माणूस मी झाले.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी तिला एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेले. शनिवार, बुधवारचा सात ते सव्वासात फोन, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीची अर्धी-अर्धी वाटणी, शाळेच्या पालकसभेला दोघांनाही येण्याची मोकळीक, परवानगीवाचून मुलाला शहराबाहेर न नेण्याची अट, हे सगळे तिने मान हलवत ऐकले. सातव्या परिच्छेदाशी मी अडखळले. दोन्ही पक्षांनी मुलासमोर, किंवा त्याच्या कानावर जाईल अशा रीतीने, दुसऱ्या पालकाची वा त्याच्या नातलगांची निंदा करू नये आणि घरातल्या इतर कोणालाही तसे करू देऊ नये, असे तिथे लिहिले होते. मी आधी ‘निंदा’ म्हटले, मग तो शब्द पोथीतला वाटला म्हणून ‘तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही’ असे म्हटले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “म्हणजे टोमणेसुद्धा नाहीत?”

तिचा प्रश्न मनापासूनचा होता, आणि आजवर त्या आदेशाबद्दल मी ऐकलेला तो सर्वांत नेमका प्रश्न आहे. कायद्याची भाषा निंदा, बदनामी, धमकी असल्या ठळक गोष्टी ओळखते. आपल्या घरांमध्ये मात्र माणसाला घायाळ करायला यातले काहीच लागत नाही. मुलाच्या ताटात दुसरी पोळी वाढताना सोडलेला सुस्कारा पुरतो. ‘किती वाळलाय माझा राजा’ एवढे वाक्य पुरते. लेकी बोले सुने लागे ही जुनी रीत आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि आता सून घरात नसताना तिला लागावे म्हणून बोलायला पाच वर्षांचा नातू उरला होता. मी आईला सांगितले की टोमणेसुद्धा नाहीत. सांगताना मला वाटत होते की हा नियम तिच्यासाठी आहे.

न्यायालयाच्या कागदांमधून मराठी वाचू लागले की काही शब्द अंगावर येतात. मूल कोणाकडे राहणार याला आपण ‘ताबा’ म्हणतो, आणि शेताचा, सदनिकेचा, जप्त केलेल्या गाडीचाही ताबाच असतो. अठरा वर्षांखालील माणसाला कायदा ‘अज्ञान’ म्हणतो. सातबाराच्या उताऱ्यावर दिसणारे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता, आणि १९५६ चा कायदाही मराठीत हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम याच नावाने ओळखला जातो. त्या कायद्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आहे, पण त्याच्याही वर त्याच कायद्याने मुलाचे हित ठेवले आहे. त्याहून जुना, १८९० चा पालक व पाल्य अधिनियम तर असेही सांगतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. म्हणजे ज्याला अज्ञान म्हटले, त्याला कळते हे इंग्रजांच्या काळातल्या कायद्यालाही ठाऊक होते. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये लिहिले. त्याच निकालात, मुलांच्या ताब्याविषयीचे आदेश हे स्वभावतःच तात्पुरते असतात, परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, असेही सांगितले आहे.

तिसरा शब्द ‘जाबदार’. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जाबदार, ज्याने उत्तर द्यायचे तो. आमच्या प्रकरणात माझा भाऊ अर्जदार होता आणि वहिनी जाबदार होती. या शब्दाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

असे आदेश कोठून येतात हे बाहेरच्या माणसाला फारसे माहीत नसते, आम्हालाही नव्हते. कुटुंब न्यायालयांचा अधिनियम १९८४ चा आहे, आणि महाराष्ट्रात पुण्याला व मुंबईला १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. समेटाचा प्रयत्न करणे हे तिथे न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे, समुपदेशक हे न्यायालयाचाच भाग असतात, दोघांपैकी एकाने जरी मागितले तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, आणि वकील हा तिथे हक्क नसून परवानगीने मिळणारी मदत आहे. घटस्फोटाचा दावा चालू असताना हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याबद्दल, पालनपोषणाबद्दल, शिक्षणाबद्दल अंतरिम आदेश करता येतात, आणि शक्य असेल तिथे ते मुलांच्या इच्छेशी सुसंगत असावेत असे ते कलम म्हणते. पालकांनी कसे वागावे याची एवढी बारीक यादी मात्र कोणत्याही कलमात नाही. ती हळूहळू तयार झाली आहे: न्यायाधीशांच्या अनुभवातून, समुपदेशकांच्या टिपणांतून, ज्याला न्यायालयात सगळे ‘पॅरेंटिंग प्लॅन’ म्हणतात त्या आराखड्यांतून आणि मुंबई उच्च न्यायालयाकडून कुटुंब न्यायालयांपर्यंत पोचलेल्या मार्गदर्शक सूचनांतून. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, मध्यस्थी, असे आराखडे, अगदी आजी-आजोबांचा वेळ यांचासुद्धा विचार आहे. त्या शिफारशींचा कायदा झालेला नाही. त्यामुळे एका घराला मिळालेला आदेश अर्ध्या पानाचा असतो आणि दुसऱ्याला मिळालेल्या आदेशात तापाचे औषध कोणी सोबत द्यायचे हेही लिहिलेले असते. आम्हाला दुसऱ्या प्रकारचा मिळाला, आणि याबद्दल मी त्या न्यायाधीशांची ऋणी आहे. माणसे रागात असताना त्यांच्या समजूतदारपणावर काहीही सोडून देऊ नये, हे त्यांना ठाऊक असावे.

आम्ही ते नियम पाळले, निदान आम्हाला तसे वाटत होते. भाऊ शनिवारी मुलासमोर वहिनीचे नावही काढत नसे. आईने टोमणे खरोखर बंद केले, आणि पंच्याहत्तरीतल्या बाईला ते किती जड गेले असेल हे मी पाहिले आहे. कधी कधी ती बोलता बोलता ओठ मिटून उठून जाई आणि विनाकारण ओटा पुसत राही. चुकले ते माझे. मी वाईट काहीच बोलत नव्हते, मी फक्त विचारत होते. “तिकडे सकाळी काय खाल्लंस?” “तिकडे रात्री कोणाजवळ झोपतोस?” “तिकडे अभ्यास कोण घेतं?” तो आल्यापासून जाईपर्यंत, वाढताना, केस पुसताना, रिक्षात, मी विचारत असे, आणि त्याला मी प्रेम समजत होते.

एका शनिवारी तो सहज म्हणाला, “आई रात्री फोनवर बोलताना रडते.” मी ते त्याच संध्याकाळी भावाला सांगितले. भावाने ते वकिलांना सांगितले. पुढच्या तारखेला दाखल झालेल्या प्रतिज्ञापत्रात एक परिच्छेद वाढला: जाबदार ही मानसिकदृष्ट्या अस्थिर असल्याचे खुद्द मुलाच्या बोलण्यावरून दिसून येते. एका लहान मुलाने आईविषयीच्या काळजीने उच्चारलेले वाक्य आमच्या घराच्या ओट्यापासून निघून, दोन माणसांच्या तोंडून जाऊन, मुद्रांकित कागदावर त्याच्या आईविरुद्धचा पुरावा होऊन उभे राहिले. वहिनीला त्याची प्रत मिळाली. तिने मुलाला एकदाच, न रागावता, विचारले की तू हे आत्याला सांगितलेस का. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले, आणि तेव्हाही तिच्या आवाजात माझ्याबद्दल राग नव्हता. त्याला तसे विचारल्याची खंत होती.

त्यानंतरच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे विचारले की तिकडे काय खाल्ले. तो म्हणाला, “आठवत नाही.” शाळेत काय झाले, आठवत नाही. मावशी आली होती का, आठवत नाही. साडेपाच वर्षांचा मुलगा, ज्याला रस्त्यावरच्या प्रत्येक बसचा क्रमांक पाठ होता, तो आमच्या घरात आल्यावर सगळे विसरू लागला. मी भावाला म्हटले की तिकडून त्याला पढवून पाठवत असावेत. असे म्हणताना मला जराही शंका आली नाही.

आदेशानुसार दर तीन महिन्यांनी आम्हाला समुपदेशक बाईंना भेटायचे होते. मी त्यांच्यापाशी या विस्मरणाची तक्रार केली. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी मला एक वही करायला सांगितली आणि पुढच्या दोन भेटींमध्ये मी मुलाला जे जे विचारीन ते सगळे, त्याचे उत्तर न लिहिता, फक्त प्रश्न म्हणून रात्री लिहून काढायला सांगितले. मी ते प्रामाणिकपणे केले. ३१ प्रश्न झाले. त्यातल्या १९ प्रश्नांमध्ये ‘तिकडे’ हा शब्द होता. ती पाने पुन्हा वाचताना मला तो शब्द पहिल्यांदा दिसला. त्याची उशी, त्याची खेळणी, त्याची आई जिथे होती त्या घराला आमच्या बोलण्यात नाव उरले नव्हते. ते ‘घर’ नव्हते, ‘आईकडे’ही नव्हते, नुसते ‘तिकडे’ होते. आणि कधी ‘आई’ म्हणायची वेळ आली, तर आम्ही ‘तुझी आई’ म्हणत होतो. सुखाने नांदत्या घरात मुलाशी बोलताना कोणी ‘तुझी आई’ म्हणत नाही. ‘आईला हाक मार’ म्हणतात, ‘आईला विचार’ म्हणतात. ‘तुझी’ हा शब्द लावला की ती आपली कोणी उरत नाही, आणि हे त्या अज्ञान म्हटल्या गेलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून कळत होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१७ मधल्या एका निकालात, एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्या पालकाविषयी कलुषित करण्याच्या प्रकाराविषयी लिहिले आहे. त्याचे दोन घातक परिणाम तिथे सांगितले आहेत: मूल निष्ठेच्या अशा स्पर्धेत ढकलले जाते की जी जिंकणे त्याला शक्यच नसते, आणि एक पालक सर्वस्वी दोषी आहे असे सतत समोर आल्याने, त्याला स्वतःला दिसणाऱ्या वास्तवाकडे पाहण्याची नजरच बदलावी लागते. हा निकाल भावाच्या वकिलांनी वहिनीविरुद्ध वाचून दाखवण्यासाठी काढला होता. मी त्याची प्रत घरी आणून वाचली, आणि वाचताना मला माझी वही आठवत राहिली. आमच्या प्रकरणातला खरा जाबदार कोण होता हे मला तेव्हा समजले. वहिनी महिन्यातून एखाद्या तारखेला वकिलांमार्फत उत्तर देत होती. तो दर शनिवारी, एकटा, आमटी-भात खाताना उत्तर देत होता, आणि घरी परतल्यावर कदाचित पुन्हा देत होता. त्याच्या बाजूने बोलायला कोणी वकील नव्हता, म्हणून त्याने ‘आठवत नाही’ हे एकच उत्तर शोधून काढले होते, आणि त्या उत्तराने कोणाचेच नुकसान होत नव्हते.

मी विचारणे थांबवले. हे सांगायला सोपे आहे. करायला मला जवळजवळ वर्ष लागले, कारण प्रश्न न विचारता मुलाशी काय बोलायचे हेच मला येत नव्हते. मग मी आपलेच सांगू लागले: आज भाजी आणताना काय झाले, त्याचे बाबा लहानपणी आंब्याच्या झाडावरून कसे पडले. तो ऐकत असे. काही महिन्यांनी, मी शेंगा सोलत असताना, तो आपणहून म्हणाला की आईने त्याला दोन चाकांवर सायकल शिकवली. मी ‘वा’ म्हटले आणि त्यापुढे काहीही विचारले नाही. ते वाक्य मी भावाला सांगितले नाही.

पुढे मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले आणि शनिवारही बंद झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, परदेशाशी गुंतलेल्या एका ताब्याच्या प्रकरणात, ज्या पालकाकडे मूल राहत नाही त्याला, विशेष कारण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल हा सर्वांत चांगला मार्ग आहे, असे म्हटले होते. आमच्या आदेशात फक्त बुधवारचा फोन होता. वहिनी अडून बसली असती तर न्यायालये उघडेपर्यंत आम्ही काहीही करू शकलो नसतो. तिने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला निरोप पाठवला, “ताई, रोज संध्याकाळी सातला लावत जा.” ती फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून आत निघून जाई. तो जेवत असे आणि भाऊ समोर जेवत असे. कित्येकदा दोघे काही बोलतही नसत.

या नियमांचे मी एवढे गुणगान करत असले तरी त्यांना कुठे थांबावे लागते हेही मी न्यायालयाच्या बाकांवर बसून पाहिले आहे. दुसऱ्या पालकाविषयी वाईट बोलू नये याचा अर्थ मारहाण लपवावी असा होत नाही. ज्या घरातून बाई जीव वाचवून बाहेर पडली आहे, किंवा जिथे मुलालाच इजा झाली आहे, तिथे गोडीने सोपवण्याची सक्ती करणे हा अन्याय आहे. तिथे भेट देखरेखीखाली असावी किंवा नसावीच, आणि मूल आपणहून काही सांगू लागले तर ‘हे बोलायचं नाही’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. विचारून काढणे आणि सांगितलेले ऐकून घेणे यांत मोठे अंतर आहे. दुसरी गोष्ट पोटगीची. पैसे दिले नाहीत म्हणून मूल दाखवायचे नाही, आणि मूल दाखवले नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, असा सौदा मी इतक्या जोडप्यांमध्ये पाहिला की तो जणू रिवाजच वाटावा. पोटगी थकली तर तिच्या वसुलीची वेगळी वाट आहे. भेट हा त्या पैशांचा मोबदला नाही, कारण ती भेट मुलाची आहे. आणि नियम मोडला गेला तर दाद मागायला पुढची तारीख उजाडावी लागते. तीन महिने ही मोठ्यांसाठी एक तारीख असते. पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तेवढ्या काळात एखादा चेहरा पुसट होऊ शकतो.

भाऊ-वहिनींचा घटस्फोट पुढे परस्परसंमतीने झाला. संमतीच्या अटींमध्ये त्या जुन्या आदेशातले बहुतेक परिच्छेद जसेच्या तसे घेतले, फक्त शनिवार वाढले आणि सोपवण्याच्या जागेतून माझा उल्लेख गेला. तरी मी जात राहिले. कायद्याने आता ती माझी कोणी नव्हती आणि तिला काय म्हणावे हे कुठेही लिहिलेले नव्हते, म्हणून मी ‘वहिनी’च म्हणत राहिले, आणि तिनेही ‘ताई’ म्हणणे सोडले नाही. फाटकाशी आम्ही दोन मिनिटे उभ्या राहत असू. खोकल्याचे औषध, सोमवारची चाचणी, बुटाचा वाढलेला नंबर, एवढ्यावर बोलणे होई. वादाचा विषय काढायचा नाही या अटीने आमच्या तोंडून बाकी सगळे काढून घेतले आणि बुटाचा नंबर ठेवला. त्याच आधाराने आम्ही इतकी वर्षे एकमेकींशी बोलत राहिलो.

आता तो सातवीत आहे आणि सायकलवरून एकटा येतो. गौरी-गणपती अटींप्रमाणे एक वर्ष आमच्याकडे आणि एक वर्ष आईकडे असतात. या खेपेला आईकडची पाळी होती. विसर्जनानंतरच्या शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या दप्तरात स्टीलचा डबा होता. “आईने मोदक दिलेत,” असे म्हणून त्याने तो आजीच्या हातात दिला. मी आईकडे पाहिले. तिने झाकण उघडले, एक मोदक मोडून तोंडात टाकला, आणि बराच वेळ चावत राहिली.

“आईला सांग,” ती म्हणाली, “सारण छान झालंय. जायफळ बरोबर पडलंय.”

मग तिने डबा घासून, पुसून घेतला. आमच्याकडे डबा रिकामा परत पाठवत नाहीत. फडताळातून तिने चिवड्याची बरणी काढली, डबा काठोकाठ भरला, झाकण बसत नव्हते तेव्हा मूठभर काढून भाच्याच्या तळहातावर ठेवला. साडेपाच वाजता तो निघाला तेव्हा डबा दप्तरात आडवा होऊ नये म्हणून त्याने दोन्ही बाजूंनी वह्या लावल्या होत्या.